बाहुली उघडेना

लहान बाळांना मी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आवडणार तरी कशी? कपाळावर दिवा बांधून येते, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेची क्लिप बसवते, बोथट दांडीने डोळा बाजूने दाबते आणि भिंगातून आत डोकावते. ओंजळीत मावेल एवढा जीव, खरं तर अजून आईच्या पोटात असायचा, आणि ही बया त्याच्या डोळ्यात दिवा मारते! विग्दिस, आमच्या वॉर्डातली नर्स, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून धरते, जिभेवर साखरेचं पाणी सोडते. त्यामुळे सगळे लाड तिच्या वाट्याला आणि सगळी रड माझ्या वाट्याला. आया तर माझ्या पावलांचा आवाज ओळखतात. मंगळवारी मी दारात दिसले की त्यांचे चेहरे पडतात.

माझं नाव गुन्वोर. मी डोळ्यांची डॉक्टर आहे आणि इथे नॉर्वेच्या उत्तरेला जन्मलेय, त्यामुळे तोंड फटकळ आहे. आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. दक्षिणेकडून आलेली माणसं सुरुवातीला दचकतात, दोन हिवाळे काढले की तीही आमच्यासारखीच शिव्या देऊन बोलायला लागतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून काठाकडे पसरत जातात, आणि दिवस भरेपर्यंत त्या काठाला पोचतात. बाळ फार लवकर बाहेर आलं की त्या वाटेतच थांबतात. फुप्फुसं कच्ची, म्हणून बाळाला ऑक्सिजन द्यावा लागतो, तोही या वाहिन्यांना सोसत नाही. मग काठाकडचा पडदा उपाशी राहतो आणि रक्त मागायला लागतो. काही आठवड्यांनी वाहिन्या पुन्हा वाढायला लागतात, पण आता भलत्याच, वाट फुटेल तिकडे, गवत माजल्यासारख्या. वेळेवर आवरलं नाही तर त्या पडद्याला ओढतात, पडदा सुटतो आणि बाळ जन्मभरासाठी आंधळं होतं. वेळेवर म्हणजे किती? कधी आठवडाभर हातात असतो, कधी तोही नसतो. म्हणून दर मंगळवार. मंगळवार चुकवायचा नाही, हे मी वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकते.

आइरिकच्याही ठोकलं होतं. आइरिक माझा तरुण सहकारी, दक्षिणेचा, हुशार, मऊ आवाजाचा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा मंगळवार त्याच्या हाती देऊन मी घरी लोळत पडले. एकही मंगळवार त्याने चुकवला नाही. तरीही घोळ झालाच.

मी परत कामावर आले तेव्हा डिसेंबर होता. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही, दुपारी जेवायच्या सुमाराला आभाळ थोडं निळं होतं आणि परत मिटतं. विग्दिसने कॉफी ओतली, तपकिरी चीज घातलेली वॅफल पुढे सरकवली आणि वॉर्डातल्या बातम्या सांगायला लागली.

"कोपऱ्यातल्या खोलीत पार वरच्या टोकाकडची, फिनमार्कची पोरगी आहे. कयल. आली तेव्हा लोण्याच्या पुड्याएवढी होती, आता बघ, गाल आलेत! आज विमानाने जातेय. घराजवळच्या हॉस्पिटलात."

"डोळे?"

"डोळे ठीक असावेत. म्हणजे आइरिकला आत नीट दिसलं नाही. बाहुली उघडतच नाही तिची. आई तमिळ आहे ना, काळेभोर डोळे आहेत पोरीचे. काळ्या डोळ्यांवर बाहुली मोठी करायच्या थेंबांचा असर उशिरा होतो म्हणे."

वॅफल माझ्या हातातच राहिली. "किती वेळा घातले थेंब?"

"तीनदा तरी घातले. शेवटी तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी बघू."

"आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

विग्दिसने कप खाली ठेवला. ती तीस वर्षं हे काम करतेय, तिला पुढचं सांगावं लागत नाही. "तेव्हाही हेच झालं होतं," ती म्हणाली.

गुडघा कुरकुरत होता, तरी मी धावले.

खोलीत थर्षिका आरामखुर्चीत रेलून बसली होती. कयल तिच्या उघड्या छातीवर, वर लोकरीची शाल. आमच्याकडे बाळं काचेच्या पेटीत कमी आणि आईबापाच्या छातीवर जास्त असतात. बाप, यॉर्न-आरे, पलंगावर वाकून इवलेइवले मोजे पिशवीत भरत होता. त्याची बोटं जाळी ओढून ओढून जाडजूड झालेली, मोजे त्यांतून निसटत होते. दोघांचेही चेहरे सणाला घरी निघालेल्या माणसांसारखे.

"तू गुन्वोर ना?" थर्षिका म्हणाली. "तुझ्याबद्दल ऐकलंय. सगळ्या आया घाबरतात तुला."

ती फिनमार्कची खास किनाऱ्याची बोली बोलत होती. तिची आई ऐंशीच्या दशकात श्रीलंकेहून येऊन तिथल्या मासळीच्या कारखान्यात लागली, आणि ही तिथेच जन्मली, वाढली, आता गावच्या शाळेत शिकवते.

"घाबरायलाच हवं," मी म्हटलं. "जरा बघू दे पोरीला."

"पण आज मंगळवार नाहीये."

"माझ्यासाठी आहे."

मी कपाळावरचा दिवा चढवलाच नाही. थेंबही घातले नाहीत. नुसती छोटी विजेरी घेतली, पापणी बोटाने वर केली आणि बाहेरूनच बघितलं. काळं बुबुळ, आणि मध्ये बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, ताठ, उजेड पडला तरी हलेना आणि काढला तरी हलेना. तिच्या काठाभोवती केसाहून बारीक तांबड्या रेषा होत्या. काळ्या रंगावर त्या चटकन दिसत नाहीत, शोधाव्या लागतात. दुसऱ्या डोळ्यातही तसंच.

बाहुली रंगामुळे अडली नव्हतीच. मागच्या पडद्यावर आजार इतका भडकला होता की तो पुढे बुबुळापर्यंत आला होता, आणि त्याच सुजलेल्या वाहिन्यांनी बाहुली जखडून ठेवली होती. थेंब घालून उघडत नाही हीच तर बोंब होती, आणि आम्ही ती बोंब ऐकून म्हणत होतो, पुढच्या मंगळवारी ये.

हा घोळ आमच्याकडेच होऊ शकतो. आमच्याकडे निळ्या डोळ्यांचा सुकाळ आहे. इथे थेंब घातला की खिडकी उघडावी तशी बाहुली उघडते. त्यातून एखादा काळा डोळा आला आणि तो अडला, की सगळ्यांना कारण तयारच सापडतं. जिथे निम्म्या लोकांचे डोळे काळे असतात, तिथे हे कुणी म्हटलंच नसतं.

"आज जाता येणार नाही," मी म्हटलं.

यॉर्न-आरेच्या हातातला मोजा खाली पडला. थर्षिकाने पोरीच्या पाठीवर हात घट्ट धरला.

एवढ्यात स्टाइनार आला. वॉर्डाचा प्रमुख, लहान मुलांचा डॉक्टर, माणूस भला पण सतत घाईत. "विमान तयार आहे," तो म्हणाला, "दुपारनंतर वादळ येतंय. आज गेली नाही तर आठवडाभर जाणार नाही. आणि मला खाट हवीय, गुन्वोर, खाली एक बाई जुळ्यांसाठी कळा देतेय."

"मग जुळ्यांना माझ्या खोलीत ठेव. ही कुठे जात नाही."

"तिथेही डोळ्यांचा डॉक्टर येतो."

"पंधरा दिवसांनी एकदा! तोवर ही आंधळी होईल, स्टाइनार. आंधळी! कळतंय का, अरे..." नाही, शिवी मी इथे लिहीत नाही. तिथे दिली, खणखणीत दिली, फिनमार्कच्या बोटीवर देतात तशी. यॉर्न-आरेने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणापासून त्याचा माझ्यावर विश्वास बसला, असं त्याने पुढे मला सांगितलं.

स्टाइनारने फोन काढला आणि विमान रद्द केलं.

आइरिक धावत आला. मी विजेरी त्याच्या हातात दिली. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"तूच सांगितलं होतंस ना, काळे डोळे उशिरा उघडतात," तो पुटपुटला.

"उशिरा उघडतात म्हणाले होते. उघडतच नाहीत असं म्हणाले होते का?"

तेव्हा थर्षिका बोलली. आवाज चढवला नाही, पण शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो तसा पोचला.

"म्हणजे दोन आठवडे तुम्ही माझ्या पोरीचा रंग बघत बसलात. डोळे नाही बघितले."

आइरिकच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "हो. तसंच झालंय. तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे. माझ्यावर ओरड, याच्यावर ओरड, उद्या वर्तमानपत्रात दे. पण आत्ता मला तिचे डोळे दे, कारण वेळ नाहीये."

"दिसेल का तिला?"

"मला माहीत नाही."

"खोटं तरी बोल!" यॉर्न-आरे मोठ्याने म्हणाला.

"मला खोटं बोलता येत नाही, माझी आई त्यावरून रडायची. ऐका. नेहमी आम्ही लेसर मारतो. उपाशी पडदा भाजून टाकतो, मग तो रक्त मागायचा थांबतो. पण लेसर बाहुलीतून आत जातो, आणि हिची बाहुली बंद आहे. म्हणून आधी डोळ्यात औषधाचं इंजेक्शन. ते लागू पडलं तर वाहिन्या सुकतात, बाहुली सुटते आणि मग मला आत जाता येतं. पडदा अजून जागेवर असेल तर."

"आणि सुटला असेल तर?"

"तर मी काही करू शकणार नाही."

थर्षिकाने पोरीच्या टाळूवर ओठ टेकले. मग शाल बाजूला केली आणि कयलला माझ्या हातात दिलं. त्या बाईने आम्हाला इतकं ऐकवून, आमची लायकी समजून, तरी पोर माझ्या हातात दिली. तो भार मला अजून आठवतो.

इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. एवढ्याशा डोळ्यात सुई कुठे टोचायची ते ठरलेलं असतं. जरा पुढे गेली तर भिंग फुटतं, जरा मागे गेली तर पडदा. औषध इतकं कमी की मुंगीलाही पुरलं नसतं. विग्दिसने डोकं धरलं, आइरिक शेजारी उभा राहिला. मी त्याला हाकलला नाही. "बघ," म्हटलं, "डोळे फाडून बघ, आयुष्यभर विसरू नकोस." मन सारखं म्हणत होतं, चुकशील. हातांनी ऐकलं नाही. हातांना माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

मग वादळ आलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

अशा वाट बघण्यासारखा छळ नाही. बर्फ खिडकीवर आपटत होता. विमानं बंद, बोटी बंद. थर्षिकाची आई, जिला सगळे अम्मा म्हणतात, तिकडे गावात अडकली होती, आणि फोनवरून मला झापत होती. तिची माझी अजून ओळखही नव्हती.

"डॉक्टर, मी चाळीस वर्षं मासे कापतेय," ती तिच्या तोडक्यामोडक्या, पण शिव्यांनी भरलेल्या भाषेत म्हणाली. "माशाच्या डोळ्याकडे बघून मी सांगते ताजा की शिळा. आणि तुम्हाला पोरीचा डोळा बघता येत नाही?"

"आता आलाय बघता, अम्मा."

"नाव कयल ठेवलंय तिचं. आमच्यात कयल म्हणजे मासा. जिचे डोळे माशासारखे सुंदर, तिला कयल म्हणतात. नाव मी ठेवलंय. लाज राखा."

"राखते," मी म्हणून गेले. खोटं बोलता येत नाही म्हणणारी मी! फोन ठेवला आणि स्वतःलाच शिवी दिली. म्हणून गेले खरी, आता राखायची कशी?

रोज सकाळी मी विजेरी घेऊन जायचे. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी विग्दिस म्हणाली, तांबड्या रेषा फिकट झाल्यात. मी म्हटलं, तुला तसं वाटतंय कारण तुला तसं हवंय. तिने तोंड वाकडं केलं. पुढच्या दिवशी मात्र मलाही वाटलं, आणि मी कुणालाच बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. डॉक्टर बाई मी, आणि दृष्टीला घाबरते!

वादळ ओसरलं त्या सकाळी आम्ही थेंब घातले. आइरिकने घातले. त्याचा हक्क होता असं मला वाटलं. आम्ही सगळे कोंडाळं करून उभे राहिलो, थर्षिका, यॉर्न-आरे, विग्दिस, आणि दारात स्टाइनारसुद्धा, घाई विसरून. कयल मात्र मजेत चोखणी चोखत होती.

"वाट बघा," मी म्हटलं. "काळे डोळे उशिरा उघडतात."

थर्षिकाने माझ्याकडे जळजळीत नजर टाकली, आणि मग तिला एकदम हसू फुटलं. तिच्यामागे सगळेच हसले, आइरिक सोडून.

मी पापणी वर केली. बाहुली मोठी झाली होती. हळूच, पण झाली होती. गोल, काळी, स्वच्छ, आणि काठ सुटा. ताठपणा गेला होता. "अरे वा, पोरी!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतलं बाळ दचकून रडायला लागलं. यॉर्न-आरेने मला गच्च मिठी मारली, गुडघा बिडघा न बघता. माझा दिवा त्याच्या हनुवटीवर आपटला.

"थांब, थांब! अजून आत बघायचंय मला!"

दिवा लावला, भिंग धरलं. अशा वेळी छाती धडधडते ती दिव्याच्या पट्ट्यात जाणवते. आत नारिंगी पडदा दिसला. वाहिन्या अजून वेड्यावाकड्या होत्या, पण त्यांचा माज उतरला होता, बारीक झाल्या होत्या. काठाकडे रक्ताचे डाग होते, आणि पडदा? मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, वर, खाली, दोन्ही डोळे. पडदा जागेवर होता. सगळीकडे जागेवर.

"बसलाय," मी म्हटलं. "जागच्या जागी बसलाय."

थर्षिका मटकन खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. तिला उगी करायला कुणी गेलं नाही. रडू दिलं.

पुढे लेसरही मारला, दोन्ही डोळ्यांना, कारण इंजेक्शनचा जोर ओसरला की वाहिन्या पुन्हा डोकं वर काढतात. त्यासाठी ती तिघं सगळा हिवाळा हॉस्पिटलच्या पालकांच्या खोल्यांत राहिली. जानेवारीत सूर्य परत आला. आम्ही परंपरेप्रमाणे त्या दिवशी जॅम भरलेले तळलेले गोड गोळे खाल्ले, आणि आइरिकने स्वतःच्या वाटणीचा थर्षिकाला नेऊन दिला. तिने घेतला. त्याच्याशी ती त्या दिवशी पहिल्यांदा धड बोलली. मग मार्चमध्ये ती मंडळी गावी गेली.

इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? पण नाही संपली. कारण पडदा जागेवर असणं आणि पोरीला दिसणं यात फरक असतो. पडदा मला भिंगातून दिसतो. पोरीला जग दिसतंय की नाही ते कुठल्याच भिंगातून दिसत नाही.

आणि कयल बघत नव्हती. वसंतात तपासणीला आली तेव्हा मी तिच्यापुढे लाल चेंडू फिरवला, पट्ट्यापट्ट्यांची कार्डं धरली. नजर कुठेतरी भलतीकडेच. थर्षिका म्हणाली, "माझ्याकडे बघून हसत नाही ती. आवाज दिला की हसते." मी म्हटलं, अशी बाळं उशिरा बघायला लागतात, वेळ दे. ती म्हणाली, "उशिरा, उशिरा. हा शब्द मला आता सहन होत नाही, गुन्वोर." त्या रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी पडदा वाचवला म्हणून मिरवत होते, आणि पोर भिंतीकडे तोंड करून होती.

उन्हाळ्याच्या शेवटी ती पुन्हा आली. यावेळी अम्माही बरोबर होती, ठेंगणी, पांढऱ्या केसांची, रेशमी साडीवर जाड लोकरीचा स्वेटर. यॉर्न-आरेने मोठ्या डब्यात उकडलेले खेकडे आणले होते, विग्दिस तो डबा उघडून बघत होती. मी दार उघडताच म्हटलं, "काय, आली का माझी मासोळी!" आणि कयलने भोकाड पसरलं.

"बघ," थर्षिका म्हणाली, "तुझा आवाज ऐकला की रडते. काल रात्री तुझा फोन आला तेव्हाही रडली. तू जिन्यावरूनच ऐकू येतेस."

"आवाज ऐकून?" मी विचारलं. "का मला बघून?"

अम्माने माझ्याकडे बघितलं. तिला आधी कळलं. "डॉक्टर," ती म्हणाली, "बाहेर जा. तोंड बंद करून आत ये."

"तोंड बंद करून? मी?"

विग्दिस यॉर्न-आरेच्या कानाशी लागली. "ही म्हणते तुला जमणार नाही," तो म्हणाला. "पैज लावायला तयार आहे ती."

मी बाहेर गेले. कयल शांत होईपर्यंत थांबले. बूट काढले, नुसते मोजे ठेवले पायांत, आणि एकही आवाज न करता दार ढकललं. पोरगी अम्माच्या मांडीवर दाराकडे तोंड करून बसली होती. मी तशीच उभी राहिले. दिवा नाही, आवाज नाही, नुसती एक म्हातारी. कयलने मान वळवली. तिची नजर जमिनीवरून वर आली, माझ्या मोज्यांवरून, डगल्यावरून, चेहऱ्यापर्यंत, आणि थांबली. तिने मला निरखलं. काही विशेष वाटलं नसावं. परत अम्माच्या बांगडीशी खेळायला लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं, बघितलं! बघितलं तिने! पण मी ओठ चावले. थर्षिका मान हलवत होती. तिला अजून पटत नव्हतं. नुसती मान वळली असेल, योगायोग असेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. इतके महिने आशेने तोंडावर पडलेली बाई ती, एवढ्यावर कशी विश्वास ठेवेल?

मी मागे सरकले, दाराबाहेर गेले. दिवा घेतला, कपाळावर बांधला, पेटवला नाही. परत आले. नुसत्या मोज्यांनी, मुकाट्याने. दारात उभी राहिले, तिच्यापासून चांगली लांब.

कयलने वर बघितलं.

आधी भुवया जवळ आल्या. मग खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. डोळे, ते काळेभोर, माशासारखे सुंदर डोळे माझ्या कपाळावरच्या दिव्यावर खिळले, आणि तिने असं भोकाड पसरलं, असं पसरलं, की सगळा मजला गोळा झाला. अम्माच्या खांद्यात तोंड खुपसलं. मग एका डोळ्याने हळूच वळून बघितलं, ती सटवी अजून आहे का. होती. पुन्हा भोकाड!

"दिसतेय!" थर्षिका किंचाळली. "यॉर्न, तिला दिसतेय ती! तिला दिसतंय!"

यॉर्न-आरेने एक शिवी दिली, इतकी लांबलचक आणि इतकी आनंदाची, की अम्माने त्याला चापट मारली आणि मग स्वतःच तीच शिवी देऊन रडायला लागली. विग्दिस पैज हरली होती, तरी टाळ्या पिटत होती. आइरिक दारात माझ्यामागे येऊन उभा होता. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थर्षिका उठली, त्याच्यापाशी गेली, त्याचे हात तोंडावरून बाजूला केले आणि म्हणाली, "बघ. आता नीट बघ तिला." आणि त्याला ओढत पोरीसमोर घेऊन आली.

"आता बोलू का मी?" मी विचारलं. कुणी ऐकलंच नाही. पोरीच्या रडण्यात माझा आवाज बुडाला होता, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"डॉक्टर, तो दिवा काढ आता," अम्मा डोळे पुसत म्हणाली. "घाबरलीय पोर."

"काढते, काढते," मी म्हटलं. पण लगेच नाही काढला. तशीच उभी राहिले दारात, दिवा बांधून, आणि कयल माझ्याकडे बोट दाखवून रडत राहिली.